जपानी चित्रमालिकांचा नवा हंगाम : पहिल्या भागावरून झालेलें मत

सन २०२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या आरंभीं, सहामाही परीक्षेचे निकाल सांगण्याकरितां भरलेल्या पालकसभेंत एक गृहस्थ आमच्या मेजापाशीं येऊन बसले. त्यांच्या बाजूस त्यांची कन्या, इयत्ता नववींतील आमची विद्यार्थिनी, मान खालीं घालून उभी होती. गुणांविषयीं त्यांची तक्रार नव्हती. मुलगी नेहमींप्रमाणें पहिल्या पांचांत होती. तक्रार होती ती "त्या जपानी कार्टूनां"विषयीं. एके रात्रीं त्यांनीं मुलीच्या खांद्यावरून डोकावून पाहिलें, तों पडद्यावर राजवाड्यांतील दोन स्त्रिया भांडत होत्या व एकीनें दुसरीच्या थोबाडींत मारली. एवढें पाहणें त्यांस पुरेसें झालें. "सर, तुमच्या वार्षिकांत याविरुद्ध एक खरमरीत लेख येऊं द्या," असें ते म्हणाले, व आम्हीं "अवश्य, अवश्य" म्हणून मान डोलावली.

त्या मुलीनें तेवढ्यापुरती मान वर करून आमच्याकडे पाहिलें. तिच्या नजरेंत राग नव्हता. आपले सर ज्या अर्थीं इतक्या खात्रीनें बोलत आहेत, त्या अर्थीं त्यांनीं तें सारें पाहिलें असावें, एवढाच विश्वास त्या नजरेंत होता. आणि आम्हीं तर एकही भाग पाहिला नव्हता! घरीं जाईपर्यंत ती नजर आमची पाठ सोडीना. निबंधाची वही न उघडतां तिला गुण देणाऱ्या शिक्षकास आपण काय म्हणूं? तेव्हां दिवाळीच्या सुटींत, महाविद्यालयांत शिकणाऱ्या आमच्या पुतणीस गुरु करून, आम्ही त्या हंगामांतील मालिका पाहावयास बसलों. कबूल केलेला लेख लिहावयाचा होताच. हा तोच लेख होय. मात्र ज्यांनीं तो मागितला त्यांच्या अपेक्षेप्रमाणें तो उतरला नाहीं, याबद्दल त्यांची प्रथमच क्षमा मागतों.

हंगाम हा शब्द आमच्या बहुतेक पालकांस आंब्यांच्या किंवा उसाच्या गाळपाच्या संबंधानें ठाऊक. जपानांत चित्रमालिकांचेही हंगाम असतात. ते जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांत लागतात. प्रत्येक हंगाम सुमारें तीन महिन्यांचा, म्हणजे आठवड्यास एक याप्रमाणें बारा किंवा तेरा भागांचा. हंगाम लागला कीं चाळीस-पन्नास मालिका थोड्या दिवसांच्या अवधींत एकदम सुरू होतात, आणि त्यांच्यापुढें जगभरची तरुण मंडळी न्यायाधीश होऊन बसते. पहिला भाग पाहावयाचा, 'चांगली', 'बरी' किंवा 'टाकाऊ' असा शिक्का मारावयाचा, आणि पुढच्या मालिकेकडे वळावयाचें. आमच्या शाळेच्या व्हरांड्यांतही मधल्या सुटींत हाच न्याय चालतो, हें आम्ही कान देऊन ऐकूं लागलों तेव्हां कळलें. एका मुलानें एका आठवड्यांत अकरा मालिकांचे अकरा पहिले भाग पाहून नऊ निकालांत काढल्या होत्या! उच्च न्यायालयासही इतका वेग साधत नाहीं.

पुतणीनें आमच्यापुढें पहिली ठेवली ती 'सोसो नो फ्रीरेन'. 'सोसो' म्हणजे मृतास दिलेला अखेरचा निरोप. मॅडहाऊस या चित्रशाळेनें केइइचिरो साइतो यांच्या दिग्दर्शनाखालीं ती तयार केली. २९ सप्टेंबर २०२३ रोजीं निप्पॉन टेलिव्हिजननें, शुक्रवारीं रात्रीं एरव्हीं जेथें चित्रपट दाखवितात त्या वेळेंत, तिचे पहिले चार भाग सलग दाखविले. एकट्या पहिल्या भागावर कोणीं निकाल देऊं नये, अशीच दाखविणारांची इच्छा असावी असा आमचा तर्क आहे.

इतर कथा जेथें संपतात तेथें ही सुरू होते. शूर हिमेल, धर्मगुरु हायटर, बुटका योद्धा आयझेन आणि हजारों वर्षें जगणाऱ्या एल्फ जातीची जादूगार फ्रीरेन, असे चौघे दहा वर्षांच्या मोहिमेनंतर राक्षसराजाचा वध करून गाडींत बसून परत येत आहेत. लढाई होऊन गेली आहे. त्या रात्रीं आकाशांत उल्कांचा वर्षाव होतो. तो पन्नास वर्षांनीं एकदां होणारा. पुढच्या वेळीं याहून चांगल्या जागेवरून दाखवीन, असें फ्रीरेन सहज बोलून जाते, आणि मंत्र गोळा करीत एकटी हिंडावयास निघून जाते. तिला पन्नास वर्षें म्हणजे आपली उन्हाळ्याची सुटी. ती परत येते तेव्हां हिमेल म्हातारा झालेला, डोक्यावरचे केस गेलेला, अंगानें आकसलेला. चौघे मिळून पुन्हां उल्का पाहतात, आणि पुढें लवकरच हिमेल वारतो.

येथपर्यंत आम्ही जांभया देत होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. "यांत कांहीं घडतच नाहीं," असें आम्ही म्हणालोंही. पुतणी म्हणाली, "काका, जरा थांबा ना." अंत्यविधीच्या वेळीं फ्रीरेनच्या डोळ्यांत पाणी नसतें. जमलेले लोक कुजबुजतात, काय ही दगडाच्या काळजाची! मग शवपेटी खालीं जाते, आणि तिचा बांध फुटतो. माणसाचें आयुष्य थोडें असतें हें ठाऊक असूनही या माणसाची ओळख करून घेण्याचा यत्न आपण कां केला नाहीं, एवढेंच ती स्वतःस विचारते.

आम्हीं पडदा थांबविला व चहा मागितला. अशा पेट्या खालीं जातांना आम्ही अनेकदां उभे राहिलों आहों. रविवारच्या उपासनेंत वीस वर्षें आपल्याच बाकावर बसलेल्या मनुष्याविषयीं आपणांस किती थोडें ठाऊक होतें, हा विचार तेथेंच प्रथम सुचतो. आधीं सुचत नाहीं. आणि आम्ही दहा मिनिटांमागें त्या कुजबुजणाऱ्या लोकांतलेच एक होतों.

त्या मालिकेंतील धर्मगुरु हायटर हा मद्यपी दाखविला आहे, हें पाहून आमच्या कपाळास आठी पडली होती. तोच म्हातारपणीं, युद्धांत पोरकी झालेली फर्न नांवाची मुलगी वाढवितांना दिसतो, आणि आपल्या मागें तिचें कसें होईल या काळजीनें फ्रीरेनला युक्तीनें थांबवून घेऊन तिच्याकडून पोरीस विद्या शिकवितो. आठी आम्हीं परत घेतली.

ज्या दृश्यावरून आमच्या त्या पालकांनीं निकाल दिला, तें दृश्य दुसऱ्या मालिकेच्या पहिल्याच भागांत सांपडलें. मालिकेचें नांव 'कुसुरिया नो हितोरिगोतो', म्हणजे औषधें करणारीचें स्वगत. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यांत ती सुरू झाली व पहिल्याच रात्रीं तिचे तीन भाग दाखविण्यांत आले. मूळ कादंबरी नात्सु ह्यूगा यांची. देश कल्पित आहे, पण सारा थाट जुन्या चीनच्या बादशाही राजवाड्याचा. माओमाओ नांवाची, औषधें जाणणाऱ्या बापाच्या हाताखालीं वाढलेली मुलगी पळवून नेऊन अंतःपुरांत दासी म्हणून विकली गेली आहे. बादशहाचीं तान्हीं मुलें दगावत आहेत. एक राणी दुसरीवर चेटकाचा आळ घेते, आणि तेथेंच ती थोबाडींत बसते. गृहस्थांनीं पाहिलें तें एवढेंच.

त्यापुढें काय होतें? गर्दींत मागें उभी असलेली ती दासी दोन्ही राण्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून ओळखते कीं हें चेटूक नव्हे. राण्या गोऱ्या दिसाव्या म्हणून तोंडास जी पांढरी भुकटी फांसतात, ती विषारी आहे. आपलें नांव न सांगतां ती दोघींसही तशी चिठ्ठी पोंचविते. एक राणी ऐकते व तिची मुलगी वांचते. दुसरी ऐकत नाहीं व तिचा मुलगा जातो. अंधश्रद्धेविरुद्ध आम्हीं आजवर वर्गांत जीं व्याख्यानें दिलीं, त्यांपैकीं एकही इतकें परिणामकारक झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. हें रसायनशास्त्र खरें आहे. शिशाचा सफेता तोंडास लावण्याची चाल युरोपांत व जपानांतही शतकानुशतकें होती. आपल्याकडे पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच. आणि बाजारांतील कांहीं सुरम्यांत व भेसळीच्या कुंकवांतही शिसें सांपडल्याचें प्रयोगशाळांत दिसून आलें आहे. तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालणाऱ्या घरांतून ही गोष्ट कळणें अगत्याचें आहे.

तथापि त्या पालकांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. ही मालिका बालवर्गासाठीं नव्हे. नायिकेचें माहेर म्हणजे कलावंतिणींची वस्ती, आणि ती वस्ती कथेंत वारंवार येते. नववी-दहावीच्या मुलामुलींनीं ती पाहावी, पण घरांतील वडील माणूस शेजारीं असेल तर अधिक बरें, असें आमचें मत आहे; आणि शेजारीं बसणें म्हणजे खांद्यावरून डोकावणें नव्हे.

तिसरी 'प्लूटो'. ही २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं नेटफ्लिक्सवर आठही भागांसह एकदम प्रसिद्ध झाली, म्हणून तिला हंगामांत धरावें कीं नाहीं याबद्दल जाणत्यांत वाद आहे. तो आम्हांस महत्त्वाचा वाटत नाहीं. जपानी चित्रकथेचे आद्य आचार्य ओसामु तेझुका यांनीं १९६४ सालीं आपल्या 'तेत्सुवान आतोमु' या मालेंत लिहिलेली एक कथा घेऊन नाओकी उरासावा यांनीं २००३ ते २००९ या काळांत ती नव्यानें सांगितली. तिचें हें चित्ररूप. पहिला भाग चांगला तासाभराचा आहे. त्याचा पूर्वार्ध पोलीस तपासाचा. मग एकाएकीं कथा स्कॉटलंडांतील एका वाड्यांत जाते. तेथें पॉल डंकन नांवाचा अंध, तिरसट, म्हातारा संगीतकार एकटा राहतो. त्याच्या सेवेस 'नॉर्थ क्रमांक दोन' हें यंत्रमानव येतें. तें युद्धासाठीं घडविलेलें. झग्याखालीं त्याचें सारें शरीर शस्त्रांचें. त्याला पियानो शिकावयाचा आहे, कारण पुन्हां रणांगणावर जाण्याची त्याची इच्छा नाहीं. म्हातारा त्याला झिडकारतो. यंत्रास संगीतांतलें काय कळणार, हें त्याचें पहिल्या दिवसाचें मत. तें मत कसें व केव्हां बदलतें, हें आम्ही येथें सांगत नाहीं. इतकेंच सांगतों कीं तो भाग संपल्यावर आमच्या घरांत बराच वेळ कोणी दिवा लावला नाहीं.

पहिल्या भेटींत शिक्का मारण्याची खोड शिक्षकांस जितकी असते तितकी क्वचितच कोणास असेल. कांहीं वर्षांपूर्वीं जूनच्या पहिल्या आठवड्यांत एका नव्या मुलास आम्हीं उभें करून प्रश्न विचारला. तो गप्प राहिला. तीन वेळां असें झाल्यावर आम्हीं आपल्या टिपणवहींत त्याच्या नांवापुढें 'मंद' हा शब्द लिहिला. तो मुलगा तोतरा होता. शब्दाच्या आरंभीं जीभ अडखळे, म्हणून वर्गापुढें बोलावयास भीत होता. हें आम्हांस सप्टेंबरांत, त्याचीं लेखी उत्तरें वाचून आश्चर्य वाटल्यावर व मग त्याच्या आईशीं बोलल्यावर समजलें. तोंपर्यंत तीन महिने त्यानें आमच्या त्या एका शब्दाखालीं काढले होते. ती वही आम्हीं जपून ठेवली आहे व तो शब्द खोडलेला नाहीं.

मालिकांच्या बाबतींतही अशा घाईच्या निकालांचा इतिहास मोठा आहे. १९७४ च्या ऑक्टोबरांत 'उचू सेंकान यामातो' ही अंतराळांतील युद्धनौकेची मालिका सुरू झाली, तेव्हां त्याच वेळीं दुसऱ्या वाहिनीवर 'हायडी' चालू होती. स्विस लेखिकेच्या त्याच प्रसिद्ध पुस्तकावरील, जें आमच्या ग्रंथालयांतही आहे. प्रेक्षक हायडीकडे गेले, आणि ३९ भागांची योजलेली यामातो २६ भागांत गुंडाळावी लागली. पुढें पुनःप्रक्षेपण झालें, १९७७ सालीं तिचा चित्रपट निघाला, आणि तरुणांच्या रांगा लागल्या. १९७९ च्या एप्रिलांत सुरू झालेल्या 'गंडाम'चीही तीच गत: ५२ ऐवजीं ४३ भागांत तिचा गळा आवळला. त्याच नांवाच्या नव्या मालिका २०२५ सालीही निघाल्या! याउलट २०२४ च्या सप्टेंबरअखेर 'उझुमाकी' या भयकथेचा पहिला भाग आला तेव्हां त्याच्या रेखाटनाची सर्वत्र वाहवा झाली. आठवड्यानें दुसरा आला तो इतका उतरलेला कीं वाहवा करणारेच तोंड लपवूं लागले.

असें कां होतें, याचा विचार आमच्या व्हरांड्यांतील न्यायाधीशांनीं अवश्य करावा. १ जानेवारी १९६३ रोजीं तेझुका यांनीं 'तेत्सुवान आतोमु' दर आठवड्यास अर्धा तास दाखवावयास आरंभ केला, आणि तीही खर्चाहून कमी किंमतीस विकून. तेव्हांपासून वेग व काटकसर हीं दोन जोखडें या धंद्याच्या मानेवर आहेत. वीस-बावीस मिनिटांच्या एका भागास हजारों चित्रें लागतात. मुख्य चित्रांच्या मधलीं चित्रें काढणाऱ्या उमेदवार चित्रकारास एका चित्रामागें मिळणारी मजुरी बहुधा दोनशे येनांच्या आसपास, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये, असते. आणि नीट काढलेल्या एका चित्रास कधीं तासही लागतो. जपानांतील राहणीच्या खर्चाशीं ताडून पाहिल्यास ही मजुरी किती थोडी, हें कळेल. पहिल्या भागावरच साऱ्याचें भवितव्य ठरतें हें माहीत असल्यामुळें पहिला भाग नटवावयाचा, आणि मग थकलेल्या हातांनीं पुढचे ओढीत न्यावयाचे. आपण दोन मिनिटांत 'टाकाऊ' म्हणतों, त्या शब्दाचें ओझें अखेर कोणाच्या पाठीवर जातें तें यावरून दिसेल.

पालकांपैकीं जे परकेपणाची तक्रार करितात, त्यांस एक आठवण द्यावीशी वाटते. १९९० नंतरच्या दशकांत रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागे, तेव्हां आज चाळिशींत असलेले तुम्ही-आम्ही न्याहारी सोडून पडद्यापुढें बसत होतों. तिचें हिंदी शीर्षकगीत गुलजारांचें, आणि शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. ती मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेनें १९८९ सालीं काढलेली होती. तेव्हां कोणा वडिलांनीं खांद्यावरून डोकावून, जंगलांत नागडें पोर लांडग्यांबरोबर हिंडतांना पाहून दूरदर्शन-संच बंद केला असता, तर आपणांस काय वाटलें असतें?

सर्वच मालिका अखेरपर्यंत पाहाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. तितका वेळ दहावीच्या वर्षांत कोणासच नसतो. त्याच सुटींत आम्हीं दोन मालिका पहिल्या पांच मिनिटांत बंद केल्या, आणि त्याबद्दल आम्हांस मुळींच पश्चात्ताप होत नाहीं. मुलींचीं चित्रें ज्या हेतूनें त्यांत रेखाटलीं होतीं, तो हेतु ओळखावयास दुसरा भाग लागत नाहीं. परंतु जेथें केवळ कंटाळा आला, केवळ कांहीं घडत नाहीं असें वाटलें, तेथें तीन भागांची मुदत द्यावी. या छंदांतील जुनी मंडळी हीच मुदत देतात. २०११ च्या जानेवारींत सुरू झालेली 'माहो शोजो मादोका माजिका' ही दोन भागपर्यंत गोजिऱ्या मुलींची साधी जादूची गोष्ट वाटे. तिसऱ्या भागानें पाहणारांची झोप उडविली. तीन भाग म्हणजे तास-सव्वा तास. तेवढा वेळ तर आम्ही पालकसभेंत चहाची वाट पाहण्यांत घालवितों.

सुटीनंतर शाळा भरली तेव्हां त्या मुलीस बोलावून आम्हीं सांगितलें कीं, पालकसभेंत आम्हीं न पाहतांच मान डोलावली होती, हें आमचें चुकलें. ती बिचारी गोंधळली. सरांनीं असें कांहीं म्हटल्यावर काय बोलावयाचें हें तिला सुचेना. मग माओमाओचा विषय निघाला, तशी जीभ सुटली. तिचे वडील दुसऱ्यांदा आले नाहींत. आम्हीं निरोप पाठविला कीं त्या थोबाडींत मारण्यापासून पुढें फक्त दहा मिनिटें मुलीसह पाहावीं, आणि मग आमच्याकडून हवा तो लेख घ्यावा. त्याचें उत्तर अजून यावयाचें आहे. मुलीच्या आईनें मात्र घरांतील सुरम्याची डबी फेंकून दिली असें कळतें.

आमचें व त्या मुलीचें एका बाबतींत जमलेलें नाहीं. 'प्लूटो' तिला भिकार वाटते. "सर, नुसते म्हातारे बोलत बसतात त्यांत," असें तिचें म्हणणें. खोदून विचारतां कळलें कीं तिनें पहिल्या भागाचा अर्धा तासच पाहिला आहे. स्कॉटलंडांतील तो वाडा तिच्या पडद्यावर अजून आलेलाच नाहीं. उरलेला अर्धा तास पाहिल्यावर पुन्हां बोलावयाचें असें ठरलें आहे.